दोन मधुपी माता

मधुपान म्हटले की आपल्या कवींना भ्रमराखेरीज दुसरे कोणी आठवत नाही. वास्तविक ठाणे-कल्याणकडच्या कोणत्याही परसात पाहावे, तो फुलांच्या पंगतीस इतरही पाहुणे आढळतात. त्यांपैकी दोघींची तुलना आम्हांस विचार करण्याजोगी वाटते.

पहिली कुंभारीण, गांधीलमाशीची एकांडी बहीण. हिचे तोंड आखूड. म्हणून दिवसाउजेडी ती तुळशीच्या मंजिरीसारख्या उथळ फुलांवर बसून मकरंद चाखते. दुसरी तगरीवर वाढणाऱ्या हिरव्या पतंगाची मादी. ही दिवेलागणीनंतर येते आणि फुलावर न बसता, हवेत तरंगत, आपली लांब सोंड नळीदार फुलाच्या तळाशी पोचवते. ही सोंड किती वाढावी? मादागास्करातील एका ऑर्किडची जवळजवळ फूटभर मधुनलिका पाहून डार्विनने १८६२ साली तेवढ्याच सोंडेच्या पतंगाचे भाकीत केले. १९०३ साली त्या पतंगाची शास्त्राच्या दप्तरी नोंद झाली.

स्वतः मकरंदावर राहणारी कुंभारीण लेकरासाठी मात्र शिकारीण होते. भिंतीच्या कोपऱ्यात ती चिखलाचे इवलेसे मडके घडवते, त्यात एक अंडे टांगते, लहान पतंगांच्या अळ्या नांगीने लुळ्या करून आत भरते आणि तोंड लिंपून पुढल्या मडक्याच्या कामाला लागते. पतंगाची मादी तगरीच्या किंवा कण्हेरीच्या पानावर अंडे ठेवून उडून जाते. कण्हेरीचे विषारी पानही तिच्या अळीस पचते.

पहिलीस क्रूर आणि दुसरीस बेफिकीर म्हणण्याचा मोह होतो. पण एकीने शिधा भरला, दुसरीने नेमके झाड निवडले. तरतुदीत दोघीही उण्या नाहीत. अपत्याचे मुख मात्र दोघींपैकी एकीलाही दिसत नाही.

माणसाचे तसे नाही, असे आपण धरून चालतो. आगगाडी १८५३ साली ठाण्यास व १८५४ साली कल्याणास आली, आणि तिच्याच आधाराने आमचा पांढरपेशा वर्ग डोंबिवलीपर्यंत वसला. पहाटेची गाडी गाठून रात्री परतणाऱ्या बापाचा, आणि आता आईचाही, घराचा हप्ता चुकत नाही, शाळेची फी थकत नाही. मूल तेवढे निजलेले भेटते. कुंभारणीस लिंपलेल्या मडक्याकडे परतण्याची बुद्धी निसर्गाने दिलेली नाही. आपणांस ती दिली आहे. तिचा उपयोग आठवड्यातून किती संध्याकाळी होतो, हे ज्याने त्याने आपल्या घरी मोजून पाहावे.