दाभोळची फेरीबोट

फजर पढून दापोलीहून सायकली काढल्या. सोबत माझे दोन जुने विद्यार्थी. एकाचा कुवेतचा व्हिसा आलाय, पुढच्या आठवड्यात जाणार. कोकणी मुसलमानाच्या घरात ही बातमी आली की मिठाई आणि रडं एकदमच सुरू होतं.

दाभोळपर्यंत सुमारे 30 किलोमीटर. शेवटचा उतार फार सुखाचा. परतताना तोच चढ आहे, हे मुलांना सांगितलं नाही.

धक्क्याजवळ आदिलशाही मशीद आहे. दगडी बांधकाम, मोठा घुमट, चार मिनार. सांगतात की विजापूरची शहजादी आयेशाबी हजला निघाली होती. समुद्र धोक्याचा म्हणून इथेच थांबली आणि जवळचा पैसा तिनं या मशिदीला लावला. तेव्हा दाभोळ म्हणजे केवढं बंदर! अरबी घोडे इथे उतरत. आता फेरीबोट आहे. तिनं आम्हाला सायकलींसकट वाशिष्ठीपलीकडे धोपाव्याला सोडलं.

तिथून अंजनवेल, आणि मग पायी गोपाळगड. खोल खंदक, जांभ्याचा तट, आत चक्क आंब्याची बाग. तटावर उभं राहिलं की खाडीचं मुख दिसतं, त्यापुढे नुसता समुद्र.

"सर, कुवेत कुठल्या बाजूला?"

मी वायव्येला बोट दाखवलं. तो बराच वेळ तिकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ती आयेशाबी परत विजापूरला गेली का हो?"

"गोष्टीत ते येत नाही," मी म्हणालो.

दुसऱ्याला भूक लागली होती. आम्ही उतरायला लागलो.