रविवारी संध्याकाळी मेस बंद

पुणेरी पाट्यांवरचे विनोद तुम्ही भरपूर वाचले असतील. मला सगळ्यात महाग पडलेल्या पाटीत मात्र विनोद काहीच नव्हता. पेरुगेटजवळच्या एका जुन्या वाड्यात, जिन्याखालच्या भिंतीवर खडूने लिहिलं होतं : 'रविवारी संध्याकाळी मेस बंद.'

२०१३ साली मी परभणीहून एमपीएससी करायला पुण्यात आले. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा मिळाली. एका खोलीत चार कॉट, चार पत्र्याच्या पेट्या आणि चौघींत एक आरसा. दिवसभर अभ्यासिका, दोन वेळचं जेवण काकूंच्या मेसमध्ये. तीन पोळ्या, एक सुकी भाजी, एक उसळ, आमटी, भात. रविवारी दुपारी फीस्ट, म्हणजे मसालेभात आणि काहीतरी गोड. आणि रविवारी संध्याकाळी काही नाही.

आमच्या घरी हॉटेलात जेवण दोनच कारणांनी व्हायचं : कुणाला तरी मोठ्या दवाखान्यात दाखवायला नेलंय, किंवा शेवटची एसटी चुकलीये. त्यामुळे हॉटेलात जायचं म्हणजे काहीतरी बिघडलंय, असंच डोक्यात बसलेलं. पुण्यात मात्र दर आठवड्याला ही वेळ यायला लागली. रविवारी आठ वाजता अख्ख्या सदाशिव पेठेतली पोरंपोरी एकाच वेळी भुकेली व्हायची आणि पाकिटातल्या नोटा मोजत रस्त्यावर उतरायची.

मी आणि माझी रूममेट त्यातल्याच. ती बीड जिल्ह्यातली. नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. आम्ही दोघी मिळून एक मसाला डोसा आणि एक इडली सांगायचो आणि दोन्ही अर्धं अर्धं करायचो. सांबार दुसऱ्यांदा मागायची पाळी आठवड्याआड बदलायची, कारण लाज दोघींनाही वाटायची. येताना लागणाऱ्या एका काचेच्या हॉटेलासमोर आम्ही हमखास रेंगाळायचो. आत पिवळे दिवे, पांढरे नॅपकिन. ठरलं होतं, जी आधी पोस्ट काढेल तिने दुसरीला इथे जेवू घालायचं.

तेव्हापासून बारा वर्षं, म्हणजे सहाशेच्या वर रविवार झाले. आता मी खराडीत एका कंपनीत नोकरी करते, पगार बरा आहे आणि बाहेर जेवणं ही अडचण न राहता सवय झालीये. एवढ्या रविवारांनंतर शहरातल्या हॉटेलांबद्दल माझी काही मतं तयार झालीत, ती सांगते.

पहिलं मत : हॉटेलची परीक्षा एकट्या माणसावर होते. चौघं जण स्टार्टर-मेन कोर्स सांगणार असतील, तर त्यांच्याशी सगळेच गोड वागतात. एकटी बाई येऊन एकच डोसा सांगते तेव्हा काय होतं, ते बघा. एका ठिकाणी मला आत शिरताच सांगितलं, "मॅडम, फॅमिली वर." एकटीला फॅमिली म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. दुसरीकडे मोकळी सहा टेबलं समोर असताना मला वॉश बेसिनशेजारचं दोन खुर्च्यांचं टेबल दिलं आणि वर विचारलं, "अजून कुणी येणारे का?" नाही म्हटल्यावर त्याने समोरची खुर्ची उचलून नेली.

या परीक्षेत उडपी हॉटेलं पहिल्या नंबरने पास होतात. फर्ग्युसन रस्त्यावरची जगन्नाथ शेट्टींनी नावारूपाला आणलेली 'वैशाली' सगळ्यांना माहीत असते, पण मी म्हणतेय ते कुठल्याही चौकातल्या साध्या उडप्याबद्दल. तिथे कुणी तुमच्याकडे निरखून बघत नाही, कारण कुणाला वेळच नसतो. पीठ आंबून तयार, सांबार उकळतंय, चटणी वाटलेली. सांगितल्यापासून पाच-सात मिनिटांत ताटली समोर. गर्दी असेल तर अनोळखी माणूस तुमच्यासमोर येऊन बसतो, मान हलवतो आणि खायला लागतो. त्यांचा धंदा खुर्चीवर चालतो. एकच खुर्ची दिवसभरात जितक्यांदा भरेल तितका पैसा, म्हणून दर कमी ठेवता येतो. शेवटच्या घासाबरोबर बडीशेप आणि बिल येतं ते याच हिशोबाने. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. एकटीला आणि कुटुंबाला तिथे सारखंच उठवतात.

बसायचं असेल तर इराणी. डेक्कनचं 'गुडलक' १९३५ सालचं. बनमस्का आणि चहा या दोन गोष्टींवर माणसं तिथे अख्खा राज्यसेवेचा निकाल पचवून उठलेली मी पाहिलीत. त्यातली एक मी होते. मेन्सची यादी लागली, नाव नव्हतं. चहा गार झाला, वर साय धरली. वेटरने तो उचलला आणि दुसरा आणून ठेवला. बिलात एकच चहा होता. त्यावर मी काही बोलले नाही, तोही बोलला नाही.

दुसरं मत : मिसळीला मर्दानगीची चाचणी बनवणं आता बंद करावं. 'खाऊन दाखवा' म्हणून आव्हान देणाऱ्या पाट्या, तर्रीचा तांबडा थर, घाम पुसतानाचे रील. जिभेला आग सोडून काही कळलंच नाही, तर खाली मटकी होती की मूग, काय फरक पडतो? पुण्यातल्या काही जुन्या ठिकाणी अजून मिसळीबरोबर पावाऐवजी स्लाइस ब्रेड देतात. बाहेरगावचे लोक त्याला हसतात. मीही हसले होते. पण सौम्य, किंचित गोडसर सॅम्पल त्या ब्रेडमध्ये जसं मुरतं तसं पावात मुरत नाही.

तिसरं मत जरा दुखरं आहे. या शहरात मालवणी मिळतं, कोल्हापुरी तर गल्लीगल्लीत मिळतं, खानदेशी मांडे मिळतात, वऱ्हाडी, सावजी मिळतं. माझ्या मराठवाड्याचं ताट मला क्वचितच दिसलं. येसराची आमटी मेनूकार्डावर दिसावी म्हणून मी किती ठिकाणी पान उलटलंय! मुरमुऱ्याचं सुशीला सांगितलं तर वेटर विचारतो, "मॅडम, सुशीला कोण?" आणि गंमत म्हणजे विचारणारा पोरगा बऱ्याचदा नांदेड नाहीतर लातूरकडचा असतो आणि सुशीला म्हणजे काय ते त्याला पक्कं माहीत असतं. या शहरातल्या हॉटेलांत आमच्याकडची माणसं आली, आमचं जेवण आलं नाही.

चौथं मत नव्या हॉटेलांबद्दल. बाणेर, बालेवाडी, कोरेगाव पार्क. सिमेंटच्या उघड्या भिंती, टेबलावर क्यूआर कोड, समोरच्याशी ओरडून बोलावं लागेल एवढं संगीत, शनिवारी पाऊण तासाचं वेटिंग. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे आणि आमच्या मेसच्या ग्रुपवर ते काम जोरात चालतं. पण खरं सांगायचं तर तिथलं काही काही फार चांगलं असतं. आंबवलेल्या पिठाचा पिझ्झा मी पहिल्यांदा खाल्ला तेव्हा मला भाकरीच्या पापुद्र्याची आठवण झाली. माझी तक्रार जेवणाबद्दल नाहीये. तिथे गेल्यावर मी जशी वागते त्याबद्दल आहे. हे माझं मला कळलं नव्हतं, रूममेटने दाखवलं.

ती मार्च २०२० मध्ये लॉकडाऊनच्या आधी दोन दिवस गावी गेली. पेटी इथेच ठेवून गेली होती, ती नंतर भावाने टेम्पोतून नेली. दोनदा मेन्सपर्यंत जाऊन थोडक्यात हुकलेली पोरगी. पुढे फोन कमी होत गेले. गेल्या जूनमध्ये ती पुतणीच्या अॅडमिशनसाठी पुण्यात आली. पोस्ट दोघींनीही काढली नव्हती, पण मी म्हटलं, ठरलेलं जेवण करूनच टाकू. ते काचेचं हॉटेल आता नाही, तिथे मोबाइलचं दुकान आहे. म्हणून मी तिला बालेवाडीला नेलं.

मी कोड स्कॅन केला. तिने विचारलं, "कागदाचं नाही का?" वेटर आतून एक कार्ड शोधून घेऊन आला. मी मोबाइलवर बघत बघत इंग्रजीत ऑर्डर सांगितली : एक पिझ्झा, एक पनीरचं काहीतरी, दोन लिंबाची सरबतं. तोही इंग्रजीत "शुअर मॅम" म्हणाला. तेवढ्यात तिने त्याला विचारलं, "गाव कोणतं रे तुझं?"

तो थांबला. "कंधार."

पुढची दोन मिनिटं त्या दोघांचं बोलणं झालं. कंधारला कुणाकडं, इथं राहतो कुठं, जेवतो काय. दुपारी चार वाजता स्टाफचं जेवण होतं, बहुतेक वेळा डाळ-भात, असं तो म्हणाला. तो गेल्यावर ती मला म्हणाली, "तू त्याच्याकडं बघितलं बी नाहीस."

मी म्हटलं, असं काही नाही, ऑर्डर बघत होते.

"व्हय," ती म्हणाली, "बघत व्हतीस."

पिझ्झा तिला मनापासून आवडला. कडा मोडून बघितली, भट्टी कशावर चालते ते विचारलं. पनीरची ताटली आल्यावर मात्र बोटाने तुकडे मोजले. सात. "एवढ्यात माझी चार पोरं जेवतात." मला वाटलं, घरातल्या पोरांबद्दल बोलतेय. तेव्हा कळलं की तालुक्याच्या गावी, एका अभ्यासिकेच्या मागे, ती तीन वर्षांपासून मेस चालवते. पस्तीस पोरंपोरी. सगळी एमपीएससी नाहीतर पोलीस भरतीवाली. तेल, गॅस, शेंगदाणे, सगळ्यांचे भाव तिला तोंडपाठ. एवढी वर्षं पाठ केलेल्या कलमांसारखे ती ते म्हणत होती.

बिल आलं. जीएसटी पाच टक्के, अडीच अधिक अडीच. त्याच्या वर दहा टक्के सर्व्हिस चार्ज. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे कशाचं?"

हा चार्ज म्हणजे सरकारी कर नव्हे. हॉटेलने तो परस्पर बिलात घालू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. हे मला सगळं माहीत होतं. तरी ऑफिसच्या लोकांसमोर मी एकदाही तो काढायला लावला नव्हता, कारण तसं करणारा माणूस चिंधी दिसतो. तिने वेटरला सरळ विचारलं, "हे पैसे तुला मिळतात का?" त्याने एकदा काउंटरकडे बघितलं आणि उत्तर दिलं नाही. मग मी मॅनेजरला बोलावलं. त्याने वाद न घालता चार्ज काढला. तेवढेच पैसे आम्ही त्या पोराच्या हातात दिले. या वेळी मी त्याच्याकडे बघितलं. विशीतला असेल, मनगटाला भाजल्याचा जुना डाग होता.

बाहेर आल्यावर रिक्षाची वाट बघत उभ्या होतो. मी गंमत म्हणून विचारलं, "तुझी मेस रविवारी संध्याकाळी चालू असते ना? आपल्यासारखे हाल नको पोरांचे."

"बंद असती."

"अगं, आपण काकूंना किती शिव्या घातल्यात त्यावरून!"

"घालतात की मलाबी," ती म्हणाली. "सोमवार ते रविवार दुपार, तेरा वेळचं मी करते. चौदाव्या वेळेला मला कुणी वाढणारंय का?"

रिक्षा आली, ती गेली. मला रात्री एक जुना रविवार आठवला. साल २०१५ असेल. टिळक रोडवरच्या उडप्याकडे आम्ही दोघी शिरलो आणि समोर काकू. एकट्याच. इस्त्रीची साडी, टेबलावर छोटी पर्स, पुढ्यात मसाला डोसा. घाई अजिबात नव्हती. एक एक तुकडा मोडून, चटणीला लावून खात होत्या. खाऊन झाल्यावरही तशाच बसून राहिल्या, आणि बाहेर रांग असतानाही कुणी त्यांच्यासमोर बिल आणून ठेवलं नाही. आम्ही खांबामागच्या टेबलावर बसलो. ती माझ्या कानात म्हणाली, "आपल्याला उपाशी ठेवून बघ कशा खातायत," आणि आम्ही दोघी तोंडावर हात ठेवून हसलो.

जाताना त्यांनी आम्हाला बघितलं. जवळ आल्या, आमच्या टेबलावरची एकच ताटली बघितली आणि "अजून एक सांगा गं" एवढंच म्हणाल्या. आम्हाला वाटलं, टोमणा मारला. आम्ही काही सांगितलं नाही. उठताना काउंटरवर गेलो, तर आमचं बिल दिलेलं होतं, दोन डोशांचं.

तो दुसरा डोसा आम्ही खाल्लाच नाही. मी हे तिला फोन करून सांगितलं, तर म्हणाली, "आठवतंय मला. म्हणून तर मेस काढली." मग म्हणाली, ठेवते आता, कणीक मळायचीये.