कवंदी : वाकळीची सिद्दी बहीण



फौजीचा संसार एका ट्रंकेत आणि एका बिस्तरबंदात मावतो. चोवीस वर्षांच्या नोकरीत माझ्या बिस्तरबंदात सरकारी कांबळ्यांखेरीज दोन गोष्टी कायम होत्या. एक आईनं शिवलेली वाकळ. दुसरी, कर्नाटकातल्या यल्लापूर तालुक्यातल्या एका सिद्दी माउलीनं शिवलेली कवंदी. वाकळीबद्दल आपल्या लोकांना मी काय सांगणार! आज लिहितोय ते कवंदीबद्दल आणि ती शिवणाऱ्या लोकांबद्दल.

सिद्दी म्हटलं की आपल्याला जंजिरा आठवतो. इतिहास वाचणाऱ्यांना मलिक अंबर आठवतो. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा कारभार हाकणारा माणूस. पण सिद्दी म्हणजे फक्त किल्लेदार आणि वजीर नव्हेत. पोर्तुगीजांनी पूर्व आफ्रिकेतून गोव्यात आणलेले कितीतरी गुलाम घाट चढून रानात पळाले आणि तिथंच राहिले. त्यांचे वंशज आज उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, अंकोला, मुंडगोड, शिरसी या तालुक्यांत आहेत. काही बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतही आहेत. कोणी हिंदू, कोणी मुसलमान, कोणी ख्रिस्ती. घरची बोली कोकणीच्या जवळची, तिच्यात मराठी आणि कानडी मिसळलेली. आपल्यासारखा माणूस दोन दिवसांत ती समजायला लागतो.

बेळगावच्या पोस्टिंगमध्ये माझ्या हाताखाली यल्लापूरकडचा एक जवान होता. नाव लिहीत नाही, तो अजून नोकरीत आहे. कुरळे केस, काळा रंग, धिप्पाड. बोलायला लागला की आपल्या सीमाभागातलाच वाटायचा. एकदा त्याला रजा मिळाली तेव्हा रविवार जोडून मीही त्याच्या गावी गेलो. गाव म्हणजे रानात विखुरलेली पंधरा-वीस घरं. भाताची खाचरं, सुपारी, मागं सागाचं आणि ऐनाचं रान. अंगणात त्याची आई पाय पसरून शिवत बसली होती.

माझी आई वाकळ घालायची तेव्हा आधी खाली लुगडं अंथरायची, त्यावर जुन्या कपड्यांचे थर लावायची, मोठे टाके घालून सगळं टाचून घ्यायची आणि मग बारीक धावदोऱ्यानं ओळी धरायची. इथं तसं नव्हतं. तळाला जुनी साडी होती, पण वरती काहीच टाचलेलं नव्हतं. मावशी एका कोपऱ्यापासून सुरू झाल्या होत्या. शेजारी चिंध्यांचं गाठोडं. त्यातून एक तुकडा उचलायचा, कडा आत दुमडायची, शिवत पुढं जायचं, तुकडा संपत आला की दुसरा उचलून त्याला भिडवायचा. असं चारी कडांनी फिरत फिरत मधल्या भागाकडे यायचं. आधी काढलेलं चित्र नाही, मोजमाप नाही. कुठला रंग कुठं जाणार हे हात तिथं पोचल्यावर ठरतं.

मी विचारलं, “मावशी, पुढचा तुकडा कसा ठरवता?”

“गाठोड्यात जे असेल ते,” त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, “पण शेजारच्याशी त्याचं जमायला पाहिजे.”

त्या कवंदीत लाल लुंगीचा तुकडा होता, शाळेच्या गणवेशाचा निळा होता, कुणाच्या तरी लग्नातल्या साडीचा जरीकाठ होता. शेवटी चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या तुकड्यांची त्रिकोणी फुलं लावतात. फुलांशिवाय कवंदी उघडी दिसते, असं त्या बायका मानतात. आणि मधलं तोंड बंद करण्याआधी आत तांदळाचे चार दाणे ठेवतात. का, तर पोट रिकामं नको. ख्रिस्ती घरातल्या कवंदीवर कधी क्रूस दिसतो, मुसलमान घरातलीवर चंद्रकोर. टाका तोच, शिवायची रीत तीच.

या कवंदीकडे बाहेरच्या जगाचं लक्ष गेलं ते गेल्या वीस-पंचवीस वर्षांत. हेन्री ड्रूएल नावाचे अमेरिकी कला-इतिहासकार, ज्यांचं आयुष्य आफ्रिकेतल्या कलेचा अभ्यास करण्यात गेलं, ते सिद्दी वस्त्यांवर आले. त्यांनी शिवणाऱ्या बायकांना एकत्र आणलं आणि कवंद्या अमेरिकेत नेल्या. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या शॉम्बर्ग सेंटरमध्ये त्यांचं प्रदर्शन भरलं. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या गावच्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या आधीच गाजलेल्या होत्या. त्यांचे उभेआडवे, तिरके, ठसठशीत रंगाचे तुकडे पाहिले की कवंदी आठवते हे खरं आहे. लोकांनी लगेच धागा जोडला : दोन्हीकडे आफ्रिकेतून ओढून नेलेल्या माणसांची लेकरं, दोन्हीकडे चिंध्यांची कला.

धागा सुंदर आहे. पण तो किती ओढायचा, हा प्रश्न मला पुढच्या पोस्टिंगांनी विचारायला लावला.

बेळगावनंतर मी गुजरातेत होतो. गीरच्या जंगलाला लागून जांबूर म्हणून सिद्दींचं गाव आहे. तिथं धमाल पाहिली. मोरपिसं बांधून नाचणारे तरुण, उंच उडवलेला नारळ डोक्यावर झेलून फोडणं, आणि उभ्यानं वाजवायचा मोठा मुगरमान ढोल. मलुंगा नावाचं एक वाद्य आहे. धनुष्याला एकच तार आणि खाली भोपळा. या नाचाला ते लोक गोमाही म्हणतात. तेव्हा तो शब्द मी नुसता ऐकून घेतला. याच जांबूरच्या हिरबाई लोबी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. बचत गट, शाळा, शेती या कामांसाठी. आपल्या वाचकांनी ते नाव लक्षात ठेवावं.

मग काही वर्षांनी युनोच्या मोहिमेत काँगोला गेलो. आमचा मुक्काम उत्तर किवू प्रांतात, गोमा शहराजवळ. तिथं स्वाहिली चालते आणि स्वाहिलीत ढोलाला न्गोमा म्हणतात. ढोलालाही आणि त्यावरच्या नाचालाही. शहराचं नावही त्यावरूनच पडलं, असं तिथले लोक सांगत. जांबूरच्या त्या रात्रीचा शब्द मला हजारो मैलांवर सापडला. शेकडो वर्षांत सिद्दींची भाषा गेली, गावांची नावं गेली, आडनावं गेली. ढोलाचा शब्द मात्र राहिला. अंगावर काटा आला, हे सांगायला लाज कसली.

साहजिकच कवंदीबद्दलही असंच काही सापडेल असं वाटलं. ती बिस्तरबंदात होतीच. कँपच्या फाटकाबाहेर शिलाई मशीन टाकून बसणारी एक बाई होती. आमच्या जवानांचे शर्ट दुरुस्त करायची आणि कितेंगे नावाच्या भडक छापील कापडाचे झगे शिवायची. दुभाष्याला घेऊन मी तिला कवंदी दाखवली. तिनं उलटून पाहिली, टाक्यांवरून बोट फिरवलं, कोपऱ्यातलं फूल उलगडून बघितलं. मग म्हणाली, “आमच्याकडे असं शिवत नाहीत. हे तुमच्या देशाचं दिसतं. काम मात्र पक्कं आहे.”

आता तिच्या कितेंग्याची गंमत पाहा. ज्या कापडाला सारं जग आफ्रिकेचं कापड म्हणून ओळखतं, ते मुळात जावा बेटावरच्या बाटिकची नक्कल आहे. हॉलंडमधल्या कारखान्यांनी ती यंत्रावर केली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर विकली. त्यातली व्हलिस्को ही १८४६ सालची कंपनी आजही चालू आहे. पण तिथल्या व्यापारी बायकांनी त्या नक्षींना स्वतःची नावं दिली, म्हणी जोडल्या, लग्नात आणि मर्तिकात काय नेसायचं ते ठरवलं. कापड त्यांचं झालं. लंडनमध्ये राहणारा, नायजेरियात वाढलेला यिंका शोनिबारे हा कलाकार मुद्दाम हेच कापड वापरतो. २०१० मध्ये त्यानं लंडनच्या ट्रफाल्गर चौकात एक प्रचंड बाटली ठेवली. बाटलीत नेल्सनचं लढाऊ जहाज आणि जहाजाची ३७ शिडं या कापडाच्या नक्षीची. ज्या आरमारानं समुद्र ताब्यात घेतले त्याच्या शिडावर असलं कापड! कोण कुणाचं, असा प्रश्न तो विचारतो आणि उत्तर बघणाऱ्यावर सोडतो.

हे सगळं मी कलेची चर्चा म्हणून लिहीत नाहीये. मला हा प्रश्न का टोचतो, त्याचं कारण वेगळं आहे.

एकदा आम्ही पाच जण कोर्ससाठी उत्तरेकडे निघालो होतो. तो यल्लापूरचा जवान बरोबर होता, साध्या कपड्यांत. एका मोठ्या स्टेशनवर गाडी बदलायची होती. फलाटावर तपासणी करणाऱ्यांनी आम्हा चौघांना सोडलं आणि त्याला थांबवलं. पासपोर्ट मागितला. त्यानं शांतपणे फौजेचं ओळखपत्र काढलं. ते त्यांनी उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, हे कुठून बनवून घेतलं. मी मध्ये पडलो, आवाज चढला, शेवटी सोडलं. गाडीत बसल्यावर मी संतापानं काहीबाही बोलत होतो. तो म्हणाला, “साहेब, तुम्ही आज पहिल्यांदा बघितलं. माझं हे शाळेपासून चाललंय. कारवार जिल्हा म्हटलं की हसतात.”

देशासाठी छाती पुढं करणाऱ्या माणसाला त्याच देशात पासपोर्ट मागतात. त्याच्या चेहऱ्यावरून लोकांनी ठरवून टाकलेलं असतं. १९८७ मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणानं सिद्दी मुलांना खेळासाठी निवडायची योजना काढली तेव्हाही हिशोब तोच होता : आफ्रिकेचं रक्त, म्हणजे धावणारच. मुलं धावली, पदकंही आणली, आणि काही वर्षांत योजनाच बंद पडली. अनुसूचित जमातीचा दर्जा उत्तर कन्नडच्या सिद्दींना मिळाला तो २००३ मध्ये. बेळगाव-धारवाडच्या सिद्दींना त्यासाठी २०२० पर्यंत थांबावं लागलं.

म्हणून निवृत्तीनंतर एका मोठ्या शहरातल्या हस्तकला प्रदर्शनात कवंदी टांगलेली पाहिली तेव्हा आनंद आणि राग दोन्ही आले. आनंद यासाठी की लोक थांबून बघत होते आणि किंमत चांगली होती. राग तिच्यावरच्या चिठ्ठीचा. चिठ्ठीवर लिहिलं होतं ‘भारतातील आफ्रिकन गोधडी’. शिवणारीचं नाव नव्हतं, गावाचं नव्हतं, तालुक्याचं नव्हतं. फौजेत साध्या शिपायाच्या छातीवरही नावाची पट्टी असते. महिनाभर अंगणात बसून जिनं ती शिवली, तिला तेवढीही पट्टी नको का? स्टेशनवर विचारतात तू कुठल्या देशाचा, आणि प्रदर्शनात चिठ्ठी सांगते ही कुठल्या देशाची. मधल्यामध्ये यल्लापूर गळून जातं.

मग कवंदी आफ्रिकेची की आपली? मावशींना मी हे कधी तरी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, “आजीनं शिकवलं.” आणि आजीला? “तिच्या आजीनं.” याच्यापुढे त्यांना जायचं नव्हतं, गरजही नव्हती. त्यांचा मुलगा मात्र वेगळं म्हणतो. जांबूरच्या धमालचे व्हिडिओ तो मोबाइलवर बघतो, आपल्याकडच्या दमामी नाचाशी ताडून पाहतो. आपले पूर्वज कुठून आले ते त्याला कळून घ्यायचं आहे, आणि त्याचा त्याला अभिमान आहे. “पण ते मी सांगणार साहेब,” तो म्हणतो, “दुसऱ्यानं चिकटवायचं नाही.”

मला त्याचं पटतं. ढोलाचा शब्द समुद्र ओलांडून आला, याचा पुरावा मी कानांनी ऐकला आहे. टाका कदाचित इथंच, आपल्या गोधड्यांच्या शेजारी बसून शिकलेला असेल. रंगाची जाण कुठली, हे शोधणारे शोधोत. पण चिंध्यांच्या गाठोड्यातून कुठला तुकडा उचलायचा हे त्या बायकांनी ठरवलं आहे, आणि म्हणून ती त्यांची कला आहे. सिद्दी कला. एवढं नाव पुरे आहे.

बेळगाव, धारवाड, गोवा भागात स्थायिक झालेल्या माजी सैनिकांना एक विनंती. हल्याळ-यल्लापूर रस्त्यानं जाणं झालं तर चौकशी करा, कवंदी तिथंच शिवणाऱ्या बाईकडून घ्या, घासाघीस करू नका. लहान बाळाची घेतलीत तर नातवंडांना उपयोगी पडेल. घेताना तिचं नाव आणि गाव विचारा आणि मागच्या बाजूला एका कोपऱ्यात धाग्यानं लिहून घ्या. लिहिता येत नसेल तर तुम्ही पेननं अक्षरं काढून द्या, टाका ती घालेल. पुढं मागं कुणी ती कवंदी पाहून ‘ही कुठली?’ म्हणून विचारलं, तर कोपरा उलटून दाखवायचा.

जय हिंद.