जुन्या मोटारीचा योगक्षेम

जें जवळ नाहीं तें मिळविणें हा 'योग' आणि मिळालेलें जतन करणें हा 'क्षेम', अशी या जोडशब्दाची फोड आम्ही वर्गांतील मुलांना वर्षानुवर्षें सांगत आलों. योग एका दिवसांत उरकतो. पैसे मोजले, कागदावर सह्या झाल्या कीं संपलें. क्षेमाला मात्र रोजचा दिवस लागतो. मनुष्य योगाचे पेढे वांटतो आणि क्षेमाचा कंटाळा करतो. वस्तूचा खरा आनंद या दुसऱ्या अर्धांतच असतो, असें आमचें मत आहे; आणि तें एका जुन्या मोटारीनें पक्कें केलें आहे.

मोटार आमच्या पुतण्यानें गेल्या दिवाळींत घेतली. १९५१ सालची मॉरिस मायनर, घडीच्या कापडी टपाची. ही जात १९४८ सालीं लंडनच्या मोटार-प्रदर्शनांत प्रथम लोकांपुढें आली. तिचा रचनाकार अॅलेक इसिगोनिस; त्यानेंच पुढें १९५९ सालीं निघालेली मिनी निर्माण केली. दहा लाखांचा आंकडा ओलांडणारी ही पहिली ब्रिटिश मोटार होय. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्यास हिच्याच जातीची गाडी 'बेबी हिंदुस्थान' या नांवानें तयार होत असे. इंजिन ९१८ घनसेंटिमीटरांचें, शक्ति सुमारें २७ अश्वांची. आज कित्येक मोटारसायकलींची शक्ति याहून अधिक असते.

मोटार आमच्या वाईच्या वाड्यांतील रिकाम्या गोठ्यांत येऊन उभी राहिली, तेव्हां घरांत दोन पक्ष पडले. अकरा माणसांच्या कुटुंबांत चौघांनाच पुरणारी, छप्पर नसलेली, सत्तरी उलटलेली गाडी कशाला, असें एक पक्ष म्हणे. पुतण्या कांहीं बोलला नाहीं. त्याचें कारण दारांतच उभें होतें.

आमच्या थोरल्या वहिनी अठ्याहत्तर वर्षांच्या. बंद मोटारींत बसल्या कीं दहाव्या मिनिटास त्यांना मळमळूं लागतें व जीव कोंडतो. कान सांगतो कीं देह हलतो आहे, डोळे सांगतात कीं समोरची पाठ स्थिर आहे. या दोन साक्षींचा मेळ बसला नाहीं कीं पोट ढवळतें, असें वैद्यकशास्त्राचें म्हणणें आहे. चार वर्षें वहिनी गांवाबाहेर गेल्या नव्हत्या. पांचगणीस, अवघ्या बारा-तेरा किलोमीटरांवर, त्यांची धाकटी बहीण अंथरुणाला खिळलेली. दोघींची भेट टेलिफोनवरच. उघड्या मोटारींत वारा मोकळा आणि क्षितिज चोहों बाजूंनीं दिसणारें. त्यांत तरी त्यांना सोसवेल, एवढीच पुतण्याची आशा होती.

घेण्यापूर्वीं त्यानें एका वृद्ध मिस्त्रींस बरोबर नेलें होतें. उघड्या मोटारीचें मर्म त्यांनीं सांगितलें तें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. बंद गाडीला छपराचें बळ असतें. तें काढलें कीं बराचसा भार दारांखालच्या, आंतून पोकळ अशा पत्र्याच्या पट्ट्यांवर येतो. ते आंतून गंजले असतील, तर वरचा रंग कितीहि चकचकीत असो, गाडी मधोमध वांकते. म्हणून दोन धट्टीं माणसें आंत बसवून दारें उघडून-मिटून पाहावीं. दार अडकलें तर नमस्कार करून परत यावें.

आमच्याकडे क्षेमाचें खातें आलें. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं आम्ही ग्रीस-गन घेऊन पुढच्या चाकांशीं बसतों. हीं चाकें मळसूत्रासारख्या आंट्यांच्या खुंट्यांवर वळतात. आंट्यांना वंगण मिळालें नाहीं तर त्या झिजतात, आणि एके दिवशीं वळणावर चाक निखळून गाडी गुडघा टेकते. म्हणून जुनें काळें ग्रीस बाहेर पडून नवें दिसूं लागेपर्यंत हात थांबवावयाचा नाहीं. आजच्या गाड्यांत बॅटरीचें ऋण टोंक सांगाड्यास जोडतात, हिच्यांत धन टोंक. हें नव्या मिस्त्रीस आधीं सांगावें लागतें. २०२५ सालापासून आपल्याकडील पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें हवेंतील ओलावा शोषतें आणि जुन्या रबरास खातें. म्हणून इंधनाच्या सर्व नळ्या त्यास टिकणाऱ्या रबराच्या घातल्या, आणि गाडी आठवड्यांतून एकदां तरी फिरवितों. टपाचा नियम एकच: ओला असतां तो कधींहि घडी करूं नये. वाईच्या पावसांत ओल्या घडीस चार दिवसांत बुरशी धरते. धुवावयाचा तो साध्या पाण्यानें व मऊ ब्रशानें.

सर्वांत मोठी काळजी ब्रेकची. या गाडींत ब्रेकचें तेल एकाच मार्गानें चारहि चाकांस जातें. कोठेंहि गळती लागली तर चारहि चाकें एकदम निराधार होतात. माघांतील एका रविवारीं पांचगणीस जावयाचें ठरलें. वहिनी पहांटेच स्नान करून, बहिणीसाठीं केलेल्या लाडवांचा डबा घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. निघण्यापूर्वीं आम्ही पायांखालील ब्रेक दाबून पाहिला, तों तो नेहमीपेक्षां खोल गेला. मागच्या डाव्या चाकाच्या आंतल्या अंगास ओल दिसली.

पुतण्या म्हणाला, "काका, हातब्रेक निराळा आहे. आणि घाट तर चढणीचाच आहे."

आम्ही म्हटलें, "चढलेलें उतरावें लागतें."

तो रागावला, आणि त्याचा राग अयोग्य नव्हता. पांचगणीहून प्रकृतीची वार्ता बरी येत नव्हती. पंधरा दिवस थांबणें म्हणजे काय, हें ओट्यावर सर्वांस कळत होतें. कोणीच बोलेना. शेवटीं वहिनींनीं डबा सुनेच्या हातीं दिला व म्हणाल्या, "भाऊजी, चार वर्षं थांबले, अजून थोडं थांबेन. लाडू मुलांना द्या. ती भेटेल, तिलाही घाई नाही."

त्या चाकांतील रबरी वाट्या वयोमानानें चिरल्या होत्या. चारहि चाकांच्या बदलल्या, तेल नवें भरलें, आणि रिकाम्या रस्त्यावर आम्ही व पुतण्यानें तीनदां पारख केली. मग निघालों. नवे लाडू झाले होते.

या इंजिनास पाण्याचा पंप नाहीं. तापलेलें पाणी हलकें होऊन वर चढतें, निवून खालीं येतें; त्या फेऱ्यावरच सारा थंडावा. म्हणून पसरणीच्या घाटांत आम्ही दोनदां थांबलों. दुसऱ्या थांब्यावर खालीं धोमचें पाणी चमकत होतें. वहिनी मागें वळून खोऱ्याकडे पाहत होत्या. पदर डोक्यावरून उडाला होता, तो त्यांनीं सांवरला नाहीं. पांचगणीस उतरल्या त्या स्वतःच्या पायांनीं. लवंगहि लागली नाहीं. दोघी बहिणी दोन तास एकमेकींचा हात धरून बसल्या. ती भेट शेवटची ठरली. चैत्रांत धाकटी गेली.

गाडीच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. हिला आसनपट्टे नाहींत. म्हणून मुलांना घाटांत नेत नाहीं आणि सपाटीवरहि ताशीं ५० किलोमीटरांपुढें जात नाहीं. आमच्या गाडीची मूळ नोंदणी वेळोवेळीं नूतन केलेली आहे. पन्नास वर्षांवरील मूळ स्वरूपांतील गाड्यांसाठीं २०२१ सालच्या नियमांनीं निराळी नोंदणी मिळते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षें. परंतु अशी गाडी रोजच्या वापरास चालत नाहीं. घेणाऱ्यानें हें आधीं पाहावें.

दुसरा पक्ष आतां घरांत उरला नाहीं. पहिल्या रविवारीं आम्ही गोठ्याकडे निघालों कीं माजघरांतून वहिनींचा आवाज येतो, "भाऊजी, आधी चहा घ्या, मग त्या चाकांना पाजा." पुतण्याचा मुलगा कंदिलाऐवजीं विजेरी धरून आमच्यामागें येतो. काळें ग्रीस संपून नवें दिसलें कीं ओरडण्याचें काम त्याचें आहे.