एकाएकी

बोरघाटातून मोटार हाकणारा मनुष्य स्वभावाने कितीही बेफिकीर असला, तरी तेथे त्याची दृष्टी रस्त्यावरून सहसा ढळत नाही. १८३० साली गव्हर्नर माल्कमच्या अमदानीत गाड्यांसाठी खुल्या झालेल्या त्या जुन्या वाटेवर एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला दरी असताना ती ढळेल तरी कशी? आषाढातल्या त्या सकाळी खोपोलीपासून मीही असाच एकाग्र होतो. ज्या धनगराने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली असे लोक परंपरेने सांगतात, त्या शिंगरोबाच्या देवळापाशी रिवाजाप्रमाणे नाणे वाहिले, धुक्यातून खंडाळा ओलांडले, लोणावळ्यात चहा घेतला. आणि वलवण मागे पडून कार्ल्याकडचा सपाट रस्ता लागताच, संकट टळले अशा समाधानाने मन सैल सोडले.

फोन वाजला तो तेव्हा. ‘बाबा, कुठवर आलात?’ असा मुलीचा निरोप होता. उत्तर दिले नसते तर तिचे काहीही बिघडले नसते. परंतु मी फोन हाती घेऊन ‘कार्ला फाटा’ असे लिहू लागलो. ताशी साठ किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे सतरा मीटर अंतर कापते, हा हिशेब मी मागाहून मांडला. माझी मान खाली होती ती तीन सेकंद. म्हणजे पन्नास मीटर रस्ता मी न पाहताच ओलांडला होता.

मान वर केली तो समोर सायकल. ब्रेक दाबला, ओल्या रस्त्यावर गाडी घसरली, सायकलीच्या मागच्या चाकाला धक्का बसला आणि दूध घालायला निघालेले एक वृद्ध गृहस्थ कडेच्या भातखाचरात जाऊन पडले. लावणीसाठी केलेल्या त्या चिखलानेच त्यांना वाचवले. कोपर तेवढे सोलवटले. एक किटली उपडी झाली होती आणि पावसाच्या पाण्याबरोबर दूध रस्त्यावरून ओघळत होते.

चौकीत हवालदारांनी माझा जबाब लिहून घेतला. ‘सायकलस्वार एकाएकी आडवा आला,’ असे मी सांगितले, आणि ते सांगताना आपण खोटे बोलतो आहोत असे मला तिळमात्र वाटले नाही.

बाकावर कोपराला हळद लावून बसलेले म्हातारबाबा न रागावता म्हणाले, “एकाएकी न्हाई, साहेब. म्या हात केला व्हता. चांगला लांबनं केला व्हता.”

तो हात मी स्मृतीत शोधू लागलो. हात नव्हता, सायकल नव्हती, रस्ताही नव्हता. होती ती फोनची काच आणि तीवर ‘कार्ला फा’ ही अर्धवट राहिलेली अक्षरे.

“तो ‘एकाएकी’ शब्द खोडा,” मी म्हणालो.

“मग काय लिहू?”

मी फोनची हकिकत सांगितली. हवालदारांनी लेखणी खाली ठेवली. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर, गाडी चालवताना फोन हाती धरल्यास कलम १८४ खाली पहिल्याच गुन्ह्याला पाच हजारांपर्यंत दंड आहे, कैदही होऊ शकते, असे ते सावकाश बोलले. शब्द मागे घेण्याची मुभाच जणू देत असावेत. मी गप्प राहिलो, तेव्हा त्यांनी शब्द खोडला आणि खाडाखोडीशेजारी माझी सही घेतली.

म्हातारबाबांना या दस्तऐवजात काडीचा रस नव्हता. उरलेली किटली डेअरी बंद होण्याआधी पोचेल का, एवढेच ते पुनःपुन्हा विचारीत होते. मी गाडीतून पोचवतो असे म्हटले, तेव्हा दाराबाहेर उभ्या असलेल्या माझ्या गाडीकडे त्यांनी एकवार पाहिले, किटली उचलली, आणि ते पावसातून पायीच चालू लागले.