वेगळ्या चुली

पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाने रात्री गच्चीवर जाऊन आकाशातले ठिपके कागदावर उतरवीत बसावे, हे आमच्या घरात कोणास फारसे रुचत नाही. "उत्तरपत्रिका तशाच पडल्या आहेत," एवढेच बोलून पत्नी खाली निघून जाते. तिचे म्हणणे खरेच असते. तरीही २०२५ च्या एप्रिलअखेर मी तूळ राशीकडे दुर्बीण रोखून बसलो होतो. पहिल्या रात्री दिसले तेवढे ठिपके टिपून घेतले. तिसऱ्या रात्री पाहतो, तो त्यांतला एक जागेवरून सरकलेला! तारे असे जागा सोडीत नाहीत. जागा सोडणारा हा ठिपका म्हणजे व्हेस्टा हा लघुग्रह.

ब्रेमेन येथील ओल्बर्स नावाच्या वैद्याने २९ मार्च १८०७ रोजी तो प्रथम पाहिला आणि नाव ठेवण्याचा मान गाउस या गणितज्ञास दिला. गाउसने रोमन लोकांच्या चुलीच्या देवतेचे नाव निवडले. मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान, सूर्यापासून सरासरी ३५ कोटी किलोमीटरांवर राहून व्हेस्टा साडेतीन वर्षांहून थोड्या अधिक काळात एक प्रदक्षिणा पुरी करतो. स्वतःभोवती मात्र तो ५ तास २० मिनिटांतच फिरतो. त्याचा व्यास अवघा ५२५ किलोमीटर. पण अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी चाळीस टक्क्यांहून अधिक तो परत फेकतो. आपल्या चंद्राला याच्या तिसऱ्या हिश्शाएवढेही साधत नाही.

२०११ साली 'डॉन' हे यान त्याच्यापाशी पोचले, तेव्हा या तेजस्वी चेहऱ्यामागची जखम स्पष्ट दिसली. दक्षिण ध्रुवापाशी सुमारे ५०० किलोमीटर रुंदीचे विवर आहे, म्हणजे जवळजवळ व्यासाएवढेच! त्याच्या मध्यभागी एव्हरेस्टच्या दुपटीहून उंच शिखर उभे आहे. सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी कोणा आगंतुकाने दिलेला हा तडाखा. व्हेस्टा फुटला नाही. पण त्याचे असंख्य तुकडे उडाले. गुरूची एक फेरी होते तेवढ्यात जिथे तीन फेऱ्या होतात, अशा कक्षेत त्यांतले काही हळूहळू सरकत गेले. तिथे गुरूची ओढ पुनःपुन्हा त्याच ठेक्याने बसते, कक्षा लांबट होत जाते, आणि एखादा तुकडा पृथ्वीच्या वाटेवर येतो.

असा एक दगड १८४३ साली आमच्या खानदेशात, मानेगावी पडला. त्या वेळी त्याचे कूळ कोणास ठाऊक असणार? १९७० साली व्हेस्टाच्या प्रकाशाचा वर्णपट काही अशनींच्या वर्णपटाशी जुळला, आणि मग एकेकाची ओळख पटत गेली. मानेगावचा दगड ज्या जातीचा आहे, ती व्हेस्टाच्या कवचाखाली खोलवर, सावकाश निवलेल्या खडकाची मानली जाते.

चुलीच्या देवतेच्या घरातून तुटून आलेला दगड आपल्याच मुलखात पडावा, या योगायोगाने मी त्या रात्री अस्वस्थ झालो. वडील गेल्यावर आम्हां दोघा भावांच्या चुली वेगळ्या झाल्या. वाटणीत घर धाकट्याकडे गेले आणि मी पुस्तके घेऊन शहरात परतलो. भांडण म्हणावे असे झाले नाही. एकच वाक्य माझ्या तोंडून गेले, आणि ते मी परत घेतले नाही. त्यास नऊ वर्षे झाली. मधल्या काळात आपापल्या कक्षेत फिरण्यालाच मी मनाची शांती समजत आलो.

त्याच रात्री मी त्याला फोन केला. काय बोलावयाचे ते ठरविले होते. परंतु पलीकडून "हॅलो" ऐकू आले, आणि ठरविलेले सारे विसरलो. तो आवाज हुबेहूब वडिलांचा होता. वर्णपट जुळावयास याहून अधिक काय हवे?

मी काहीच बोलेना, तेव्हा त्यानेच विचारले, "दादा, जेवलात?"

उत्तरपत्रिका त्या रात्रीही तशाच राहिल्या, हे निराळे सांगावयास नको.