अमरावती-अकोला अप-डाउन

आधी थोडं गणित. हाफ आयर्नमॅन म्हणजे १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर पळणं. एकापाठोपाठ एक, मध्ये चहाबिहा नाही. मैलांत बेरीज होते ७०.३, म्हणून स्पर्धेच्या नावातही ७०.३. फुल आयर्नमॅन याच्या डबल.

आता हेच अंतर वऱ्हाडच्या नकाशावर मांडा. अमरावती ते अकोला रस्त्यानं नव्वदच्या वर आणि शंभरच्या आत. म्हणजे हाफ आयर्नमॅनची सायकल झाली अमरावती-अकोला आणि फुलची झाली अमरावती-अकोला अप-डाउन. आणि अप-डाउन हा तर आमच्याकडचा राष्ट्रीय खेळ! बँकेतले क्लार्क, झेडपीचे मास्तर, कॉलेजातले प्राध्यापक... किती तरी जण बडनेरा स्टेशनवर गाडीची वाट बघत बघतच रिटायर होतात. फरक एवढाच की ते गाडीत बसून जातात आणि त्यांना त्याचा पगार मिळतो.

२०१५ मध्ये मिलिंद सोमणनं पन्नाशीत झुरिकची आयर्नमॅन पूर्ण केली आणि पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत या शब्दाला ग्लॅमर आलं. २०१९ मध्ये गोव्याला पहिली आयर्नमॅन ७०.३ झाली, मग तर विमानाचं तिकीटही परदेशाचं काढायला नको! नंतर कोविडची दोन वर्षं गेली. २०२२ च्या नोव्हेंबरची तारीख जाहीर झाली तेव्हा मी अमरावतीला घरी बसून फ्रीलान्स कामं करत होते. फॉर्म भरला. पुण्याच्या ग्रुपमधली पहिली कॉमेंट आली, ‘वऱ्हाडात राहून ट्रायथलॉन? अगं, तिकडे समुद्र कुठेय?’

पॉइंट होता. समुद्र सोडा, वाहतं पाणीही पावसाळ्यापुरतंच. अमरावतीचे वडाळी आणि छत्री तलाव बघायला छान, पण पोहायचे नव्हेत. अप्पर वर्धा अमरावतीचं पिण्याचं पाणी, काटेपूर्णा अकोल्याचं. तिथे गॉगल लावून उडी मारणं बरं दिसत नाही. आमच्याकडची पारंपरिक पोहण्याची शाळा म्हणजे विहीर. पाठीला वाळलेला भोपळा नाही तर रिकामा डबा बांधायचा आणि काकानं ढकलून द्यायचं! ही शाळाही बहुतेक पोरांचीच. आमच्या आज्जीच्या पिढीतल्या बायका विहिरीवर गेल्या त्या पाणी भरायला.

पण अमरावती म्हणजे खेळात कच्चं गाव असं कुणी समजू नये. इथलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलं आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी याच मंडळाची टीम आपले देशी खेळ दाखवायला जर्मनीला गेली होती. ट्रायथलॉनला ऑलिम्पिकमध्ये एंट्री मिळाली थेट २००० साली, सिडनीत. म्हणजे अमरावती चौसष्ट वर्षं आधी पोहोचली होती! मंडळाचा परिसर शहराच्या मधोमध आहे. मल्लखांब, कुस्ती, पोहणं सगळं एका आवारात. उन्हाळी सुट्टीत अख्ख्या गावाची पोरं पाण्यात असतात. त्या दिवसांत पोहायचा तलाव कुठलाही असो, सरळ रेषेत पोहायला मिळणं हेच ट्रेनिंग. २५ मीटरच्या तलावात १.९ किलोमीटर म्हणजे ७६ लांब्या. मोजता मोजता चाळिशीत कुणीतरी पायावर येऊन आदळतं आणि मोजणी संपते.

पळण्याचं तसं नाही. पळायला फक्त वेळ पाहिजे आणि वऱ्हाडात ती वेळ सूर्य ठरवतो. एप्रिल-मेमध्ये अकोल्याचं नाव वरचेवर पेपरात असतं ते तापमानासाठी. मे २०२४ मध्ये तर पारा ४५ च्या पुढे गेल्यावर जिल्हाधिकाऱ्यांनी कलम १४४ लावलं. जमावबंदीचं कलम, उन्हासाठी! मजुरांना पाणी-सावली द्या, भर दुपारी कोचिंग क्लास घेऊ नका, असे आदेश निघाले. या हवेत लाँग रन करायची तर पहाटे साडेचारला बाहेर पडायचं आणि साडेसातला घरात. आठनंतर हीरोगिरी करायची नाही. मग साडेचारला अंधारात एकटी मुलगी पळणार कुठे? छत्री तलावाच्या रस्त्याला झाडी छान आहे, पण त्या पोहरा-वडाळीच्या जंगलात बिबटे आहेत. विद्यापीठाच्या बाजूनंही बिबट्या दिसल्याच्या बातम्या येतात. शेवटी दिवे असलेल्या रस्त्यावर त्याच त्या फेऱ्या. बिबट्यापेक्षा बाइकवरच्या पोरांची भीती जास्त, हे मुलींना वेगळं सांगायला नको.

आणि प्रश्न. ‘काहून पयून रायली वो बाई? कोनी मांगं लागलं काय?’ रस्ता झाडणाऱ्या मावशींनी एकदा अगदी मनापासून विचारलं. गोव्याला स्पर्धा आहे म्हटल्यावर पुढचा प्रश्न आला, ‘पैसे भेटतेत काय?’ नाही, भरावे लागतात. यावर त्या जे हसल्या, त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सायकलची किंमत विचारली नाही हे नशीब. ट्रायथलॉनच्या सायकली लाखाच्या पुढच्या गोष्टी आहेत आणि त्या आकड्यात आमच्याकडे बरंच काही येतं.

उन्हाचा फायदा होतो का? होतो. दहा-चौदा दिवस रोज गरमीत व्यायाम केला की शरीर शिकतं. घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातला पाण्याचा भाग वाढतो. पण एक मेख आहे. आपलं शरीर म्हणजे एअर कूलर. अकोल्यात कूलर लावला की खोली गार होते, मुंबईत तोच कूलर लावला की नुसती चिकचिक. कारण कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं, दमट हवेत उडत नाही. घामाचंही तेच. वऱ्हाडात ४० डिग्रीत टी-शर्ट ओला होण्याआधीच वाळतो, त्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा राहतात. गोव्यात आकडा दहानं कमी, तरी घाम अंगावरून नुसता ओघळतो आणि शरीर काही गार होत नाही. तेव्हा ‘आम्ही अकोल्याचे, आम्हाला काय ऊन’ हा डायलॉग मांडवीच्या किनाऱ्यावर चालत नाही.

सायकलसाठी मात्र वऱ्हाड म्हणजे पार्टी! रस्ता सरळ आणि सपाट. त्यातून जून २०२२ मध्ये एनएच-५३ च्या याच अमरावती-अकोला पट्ट्यात १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरी रस्ता सलग टाकला गेला आणि गिनीज बुकात नोंद झाली. (७५ हा आकडा एका लेनचा, दोन लेन धरल्या तर ३७.५ किलोमीटर. तरीही सहीच.) जे शेकडो कामगार पाच दिवस पाळ्या लावून उकळत्या डांबराजवळ उभे राहिले, त्यांना कुणी मेडल घातलं का कुणास ठाऊक. पुढे त्याच गुळगुळीत रस्त्यावर मी पहाटेचं ट्रेनिंग केलं. लोणी, कुरुम, माना मागे पडलं की मूर्तिजापूर. तिथून बंद पडलेल्या शकुंतलेचे अरुंद रूळ अचलपूरकडे जातात. मग बोरगाव मंजू आणि अकोला. या रस्त्यावर चढ शोधावा लागतो, शत्रू एकच, समोरचा वारा. तो असला की ३० चा स्पीड २२ वर येतो आणि बाजूनं ट्रॅक्टरवाला हात दाखवून पुढे जातो.

पाणी घरूनच न्यायचं. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा, इथे बोअरचं पाणी खारट लागतं. इलेक्ट्रोलाइट फुकट मिळतंय अशा भ्रमात राहू नये, ते पिण्यासारखं नसतं. अकोल्यात मामाकडे पोचले की गिला वडा समोर यायचा, पण अंघोळीचं पाणी मामी मोजून द्यायची. तिच्याकडे त्या उन्हाळ्यात नळ रोज येत नव्हता. मागच्या अंगणात निळे ड्रम ओळीनं भरलेले. एक बादली, तीही अर्धी, आणि वापरलेलं पाणी कुंड्यांना.

आता खरी गोष्ट. एन्ड्युरन्स हा शब्द आला नव्हता तेव्हापासून अकोल्यात एन्ड्युरन्स आहे. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी कावड यात्रा असते. पोरं आदल्या दिवशी गांधीग्रामला जातात, पूर्णा नदीचं पाणी भरतात आणि रात्रभर चालत, अनवाणी, खांद्यावर कावड घेऊन सकाळी राजराजेश्वराला आणतात. अंतर अठराएक किलोमीटर. छोट्या कावडीला दोन भरणी, मोठ्या कावडींना शेकड्यानं, आणि ती उचलायला अख्खी गल्ली लागते. शेगावला पायी जाणारे वेगळेच. अकोला-शेगाव रस्त्यानं जवळपास मॅरेथॉनएवढं. साठीची काकू साडीचा काष्टा मारून रबरी चपलेवर ते अंतर कापते, ना घड्याळ, ना जेल. तिला ‘काहून?’ असं कुणी विचारत नाही.

मला विचारतात. आणि ते बरोबर आहे असं मला वाटतं. कावडीचं पाणी देवाला जातं, मास्तरांची अप-डाउन पगाराला. माझी तंगडतोड फक्त माझ्या कामी येते.

१३ नोव्हेंबर २०२२, मिरामार. समुद्रात भिंत नसते, हे माहीत असलं तरी पहिल्या दोनशे मीटरला धक्का बसतोच. तलावात डोकं खाली घालून टाइल्सची रेघ धरायची, इथे दर पाच-सहा हातांनंतर मान वर काढून बोया शोधायचा. त्यात खारं पाणी नाकात. पोहायला ७० मिनिटांची मुदत, मी ६१ मध्ये बाहेर. सायकलवर मूर्तिजापूरचा वारा कामी आला. पळताना मात्र कूलर बंद पडला. दर थोड्या अंतरावर स्वयंसेवक पोरं पाण्याच्या बाटल्या आणि बर्फाचे स्पंज हातात देत होती, लोक अर्धी बाटली पीत, अर्धी डोक्यावर ओतत. मीही ओतली. दुसऱ्या बाटलीला मामीचे निळे ड्रम आठवले. तरीही ओतली, पाय थांबत होते. साडेआठ तासांची मुदत होती, ७ तास ४८ मिनिटं लागली. संध्याकाळी मामाचा फोन. ‘पैला नंबर आला काय वो माय?’

ट्राय करायचं असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरात या. अमरावती किंवा बडनेरा, रात्रीच्या ट्रेननं सोपं पडतं. पावसाळ्यात शेतरस्त्यानं सायकल घालू नका, काळी माती चाकात अशी बसते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. चढ हवा असेल तर परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट आहे, धामणगाव गढी, मोथा करत हजार मीटरच्या वर जाता येतं. मोथ्याला गवळ्यांकडे खवा मिळतो, तो खाऊन उतरायचं. श्रावणातला शेवटचा सोमवार साधला तर सायकल घरी ठेवा आणि आदल्या रात्री गांधीग्रामच्या रस्त्यावर चपला काढून चालून बघा.